प्रश्न गाळलेली मुलाखत

कुणाचं बरं झालं, की आपल्यापैकी पुष्कळांच्या तोंडून पहिला शब्द निघतो तो म्हणजे वशिला. अभिनंदन हा दुसरा, आणि तोही माणूस समोर उभा असेल तर. शेजारच्या मुलाला नोकरी लागली, वशिला. ऑफिसातल्या बाईंना बढती मिळाली, वशिला, आणि वर एक डोळा बारीक केलेला. आपण विचारत नाही, तपासत नाही. नुसतं ठरवून टाकतो आणि हात धुऊन जेवायला बसतो.

या गोष्टीतल्या मुलीच्या घरी तर हा शब्द रोज ताटाबरोबरच वाढला जायचा. तिचे बाबा पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नळांचे नकाशे सांभाळायचे. त्यांच्यामागून लागलेला एक जण त्यांचाच साहेब होऊन बसला होता, आणि तेव्हापासून बाबांच्या तोंडाची चव गेली होती.

"आज पुन्हा वरच्या मजल्यावर बोलावणं आलं त्याला," बाबा म्हणायचे. "वशिला असला की जिने चढावे लागत नाहीत. लिफ्ट आपोआप खाली येते."

"अहो, भाजी घ्या," आई म्हणायची.

"'नकाशेवाले नाराज, भाजी जशीच्या तशी'," मुलगी म्हणायची, आणि आईला हसू आवरायचं नाही.

अशीच बोलायची ती, मथळ्यांत. वाचता यायला लागल्यापासून तिने वर्तमानपत्रातली मोठी अक्षरं मोठ्याने म्हणून घर डोक्यावर घेतलं होतं. कॉलेजात पत्रकारितेच्या वर्गात आली आणि पोरांनी तिचं नावच ठेवलं मथळा. तिला नाव पसंत होतं. कुठल्याही बातमीला मथळा हवा असला की सगळा वर्ग तिच्याकडे वळून बघायचा, आणि खरं सांगायचं तर ते वळून बघणंच तिला फार आवडायचं.

मग चाचणीचं प्रकरण झालं. शहरातल्या रेडिओ स्टेशनला संध्याकाळच्या बातम्या वाचायला एक विद्यार्थी हवा होता. अर्धा वर्ग चाचणी देऊन आला. मथळा तर नवा ड्रेस घालून गेली होती, जसा काही तो रेडिओवर दिसणार होता. निवड झाली ती मागच्या बाकावरच्या मुलीची. हजेरीला "उपस्थित" म्हणतानाही जेमतेम तोंड उघडणारी, मधल्या सुट्टीत एकटीच पुस्तक घेऊन बसणारी. त्या दिवसापासून तिचं नाव पडलं रेडिओ.

आणि मथळाच्या छळाला सुरुवात झाली. संध्याकाळी वाण्याच्या दुकानात तो आवाज, न्हाव्याकडे तोच आवाज, खालच्या मजल्यावरच्या आजींच्या खिडकीतूनही तोच. स्वच्छ, संथ, प्रत्येक शब्दाला त्याची जागा देणारा. मथळा उठून खिडकी लावून घ्यायची.

"अगं, उकडतंय किती. कशाला लावलीस?" आई विचारायची.

"धूळ येते."

"किती छान वाचते गं तुझ्या वर्गातली ती मुलगी. तिच्याकडून जरा शिकून घे."

झालं. आई सहज बोलून भांडी आवरायला गेली, पण इकडे मुलीच्या जिवाचा जळफळाट. बाबांनी मात्र तिच्या जखमेवर नेमकं औषध लावलं. "स्टेशनवर कुणीतरी असणार तिचं," ते पेपरमागून म्हणाले. "त्याशिवाय का?"

मथळाला एकदम बरं वाटलं. इतकी वर्षं बाबांच्या त्या शब्दाला ती हसत आली होती. आज तो तिच्या कामाला आला. दुसऱ्या दिवशी तिने तो वर्गातल्या दोघीतिघींच्या कानावर सहज म्हणून घातला. आठवडा संपेपर्यंत सगळ्या वर्गाला माहीत होतं, की रेडिओचं स्टेशनवर कुणीतरी आहे. कोण आहे, ते कुणालाच माहीत नव्हतं. पण त्यावाचून कुणाचं अडलंही नव्हतं.

वर्गाला मुलाखत शिकवायच्या त्या बाईंना पोरं पाठीमागे कात्रीबाई म्हणत. अर्धं आयुष्य त्यांनी वर्तमानपत्राच्या संपादकीय टेबलावर काढलं होतं. आपण भरभरून लिहिलेला मजकूर त्यांच्याकडून परत आला, की तो धुतलेल्या सुती कापडासारखा आटलेला असायचा. त्यांनी वर्गाला काम दिलं. जोड्या करा, एकमेकांची मुलाखत घ्या, आणि समोरच्या माणसावर एक लेख लिहा. सगळ्यांत चांगला लेख शहरातल्या मोठ्या वर्तमानपत्राच्या विद्यार्थी पानावर छापून येणार होता, लिहिणाऱ्याच्या नावासह.

मथळाचे डोळे चमकले. नाव छापून येणार. मोठ्या पेपरात. आता काय ते संध्याकाळच्या बातम्यांचं कौतुक.

"जोड्या मी करणार," बाई म्हणाल्या. "जे एकमेकांशी बोलत नाहीत त्यांच्या. मैत्रिणीची मुलाखत घेणं म्हणजे गप्पा मारणं. त्याला माझी गरज नाही." आणि त्यांनी मथळाच्या पुढ्यात कुणाला आणून बसवलं, हे सांगायलाच नको.

दोघी ग्रंथालयाबाहेरच्या जिन्यात बसल्या. आधी रेडिओने प्रश्न विचारले. विचारायची आणि थांबायची. उत्तर संपलं असं वाटलं तरी थांबायची, मग हळूच म्हणायची, "आणि मग?" मथळाच्या नकळत तिच्या तोंडून बऱ्याच गोष्टी निघून गेल्या. आईला हसवायला ती मथळे करते, बाबा घरी गप्प बसतात तेव्हा तिला भीती वाटते, असलं काहीबाही.

"वर्गातल्या कुणासारखं व्हावंसं वाटतं तुला?" रेडिओने शेवटी विचारलं.

"कुणासारखंच नाही," मथळा फटकन म्हणाली.

रेडिओने ते लिहून घेतलं. थांबली. पण या वेळी "आणि मग" म्हणाली नाही.

मग पाळी बदलली. मथळाने फोनवर रेकॉर्डिंग सुरू केलं, दोनचार इकडचे तिकडचे प्रश्न विचारले, आणि मग इतके दिवस जिभेवर ठेवलेला प्रश्न टाकला. "स्टेशनवर तुझं कोणी आहे का गं?"

"आहेत ना," रेडिओ म्हणाली. "माझे मामा आहेत तिथे. त्यांच्यामुळेच मी तिथे पोचले. ते नसते तर मला त्या दारातून आत कोणी घेतलं नसतं."

मथळाच्या मनात उकळ्या फुटल्या. इतकं सरळ कबूल करेल असं तिला स्वप्नातही वाटलं नव्हतं. पण रेडिओचं बोलणं संपलं नव्हतं.

"गाडी चालवतात ते स्टेशनची. ड्रायव्हर आहेत. मी लहानपणी खूप अडखळायचे, माहितीय? 'म' तर यायचाच नाही. मामांना हाक मारायला सुरुवात केली की ते जेवून उठायचे तरी माझी हाक चालूच, असं तेच सांगतात." ती हसली. "आई दवाखान्यात नर्स आहे. तिची दुपारची पाळी असली की शाळेतून मामा मला स्टेशनवर न्यायचे. तिथे स्टुडिओच्या काचेबाहेर एक बाक आहे. आत बातम्या वाचणाऱ्या बाईंचे ओठ बघत मी मनातल्या मनात वाचायचे. कधी स्टुडिओ मोकळा असला, तर मामा आवाजाची यंत्रं सांभाळणाऱ्या काकांच्या हातापाया पडून मला आत बसवायचे आणि स्वतः काचेपलीकडे उभे राहायचे. म्हणायचे, सगळ्या जगाला सांगू नकोस, मला एकट्याला सांग. एकच चेहरा समोर धरला की माझी जीभ सुटायची. अजूनही तसंच करते."

"आणि चाचणी?" मथळाने विचारलं. तिचा आवाज तिलाच कोरडा वाटला.

"चाचणीच्या दिवशी मामांनी रजा टाकली. म्हणाले, मला बघून तुला कुणी पास केलं तर ते मला पचायचं नाही. आणि मला बघूनही नापास केलं, तर मुळीच पचायचं नाही."

"हे सगळं लिहिलं तर चालेल?"

"लिही की. लपवायचं कशाला?"

घरी आल्यावर मथळा लिहायला बसली. आई बाजारात गेली होती, खिडकी बंद होती. तिने रेकॉर्डिंग पुन्हा ऐकलं. तिला कळत होतं, की हातात सोनं आलंय. मामांना हाक मारताना अडणारी पोर आज सगळ्या शहराला बातम्या सांगते. हे लिहिलं तर वर्गात टाळ्या पडतील. पण त्या टाळ्या कुणाला पडतील? पुन्हा तिलाच. म्हणजे आवाजही तिचा, आणि वर ही गोष्टही तिचीच!

मंडळी, मत्सराचं हे असं असतं. तो माणसाला मूर्ख करत नाही, हुशार करतो. मथळाने खोटा एक शब्द लिहिला नाही. तिने फक्त आपला प्रश्न गाळला आणि त्याच्या जागी एक वाक्य घातलं: "इतक्या अवघड चाचणीत हिचीच निवड कशी झाली, याचं उत्तर ती स्वतःच मोकळेपणाने देते." आणि खाली अवतरणचिन्हांत रेडिओचे शब्द, अगदी जसेच्या तसे. "माझे मामा आहेत तिथे. त्यांच्यामुळेच मी तिथे पोचले. ते नसते तर मला त्या दारातून आत कोणी घेतलं नसतं." पूर्णविराम. गाडी नाही, काच नाही, बाक नाही, रजा नाही. मामा स्टेशनवर कोण आहेत, ते वाचणाऱ्याने आपापल्या मनाने ठरवावं.

लेखाला मथळाही तिने झकास दिला. "आवाज तिचा, हात कुणाचा?"

लेख बाईंच्या टेबलावर ठेवताना तिच्या छातीत जरासं धडधडलं. पण ते भीतीचं आहे की आनंदाचं, हे तिने स्वतःला विचारलं नाही. बाईंनी मात्र दुसऱ्या दिवशी वर्गात येऊन एक भलतीच गोष्ट सांगितली.

"आज लेख वाचायचे. पण लिहिणाऱ्याने नाही. ज्याच्यावर लिहिलंय त्याने उभं राहून स्वतःच वाचायचा, मोठ्याने, सगळ्यांसमोर. माझ्या वर्गात ही पद्धत आहे. आपण लिहितो ते माणूस कधीतरी समोर बसून वाचणार असतो. हे लक्षात ठेवायचं नसेल तर पाठीमागे बोलायला कॉलेज कशाला हवं? ते कुठेही फुकट होतं."

मथळाने बाईंच्या टेबलावरच्या आपल्या कागदाकडे पाहिलं. हे तिच्या गावीही नव्हतं.

एका लांबुळक्या पोराने स्वतःबद्दल वाचलं, "उशिरा येण्यात त्याने विलक्षण सातत्य राखले आहे," आणि वर्ग खदखदून हसला. मग बाईंनी रेडिओला हाक मारली आणि मथळाचा कागद तिच्या हातात दिला.

रेडिओ वाचू लागली. तिचा तोच आवाज, बातम्यांचा, स्वच्छ आणि संथ. लेखाचा मथळा वाचताना तिच्या कपाळावर बारीक आठी पडली, पण आवाज हलला नाही. ती ओळीमागून ओळ खाली येत होती. मथळा बाकाची कड घट्ट धरून बसली होती.

"याचं उत्तर ती स्वतःच मोकळेपणाने देते," रेडिओने वाचलं. "म..."

ती थांबली.

"म... म..." तिचे ओठ जुळत होते आणि उघडत नव्हते. मान ताठ झाली होती. "म... म..."

मागून कुणीतरी खुसखुसलं. "पकडली गेली," एक जण कुजबुजला, आणि ते सगळ्यांना ऐकू गेलं. वर्गाला वाटलं, चोरी उघडी पडली म्हणून बोबडी वळली. त्या खोलीत फक्त एकाच मुलीला माहीत होतं की ही चोरी नाही. ही ती जुनी गाठ आहे, जी एका माणसाने काचेपलीकडे उभं राहून वर्षानुवर्षं सोडवली होती, आणि आपण ती एका संध्याकाळात पुन्हा मारली.

रेडिओने कसाबसा लेख संपवला, कागद बाईंच्या टेबलावर ठेवला आणि जागेवर जाऊन बसली. माझ्या बोलण्याचे तुकडे केले, असंसुद्धा म्हणाली नाही.

"आता तू," बाईंनी मथळाला बोलावलं आणि रेडिओचा लेख तिच्यापुढे धरला.

मथळा उभी राहिली. लेख साधा होता. प्रत्येक उत्तराच्या आधी त्याचा प्रश्न होता. आईला हसवणारी मुलगी त्यात होती, बाबांच्या गप्प बसण्याला घाबरणारीही होती, पण इतक्या जपून लिहिलेली की मथळाला स्वतःचीच दया आली. शेवटी आलं:

"'वर्गातल्या कुणासारखं व्हावंसं वाटतं?' असं मी विचारलं. 'कुणासारखंच नाही,' ती म्हणाली. मला मात्र तिच्यासारखं व्हावंसं वाटतं. मी बातमी वाचते तेव्हा ती ऐकली जाते. ती बातमीला नाव देते तेव्हा ती लक्षात राहते. मला तिचा हेवा वाटतो. तो इथे लिहून टाकते, म्हणजे मनात ठेवावा लागणार नाही."

शेवटचं वाक्य मथळाने जवळजवळ गिळलं. तेवढ्यात तास संपला. तिने वर बघितलं तर रेडिओ दारातून निघून गेली होती. संध्याकाळच्या बातम्यांना जायची तिची वेळ झाली होती.

वर्ग रिकामा झाला. बाई टेबलाशी तशाच बसल्या होत्या.

"इकडे ये," त्या म्हणाल्या. "हे तिचं उत्तर आहे. याचा प्रश्न कुठला होता?"

"शब्दन् शब्द तिचाच आहे, बाई," मथळा म्हणाली. सवयीने आधी बचावच आला. "रेकॉर्डिंग आहे माझ्याकडे."

"मी शब्दांचं विचारत नाही, प्रश्नाचं विचारतेय. उत्तर नेहमी कुठल्यातरी प्रश्नाचं असतं. प्रश्न गाळून उत्तर छापणं म्हणजे माणसाला अर्ध्या वाटेत उतरवून देणं. लोकांना वाटतं तो तिथेच चालला होता." बाईंनी कागदावर बोट ठेवलं. "आणि मथळ्यातलं हे प्रश्नचिन्ह. आमच्या धंद्यातली जुनी पळवाट आहे ही. आरोप करून व्हायचा, आणि कुणी विचारलं तर म्हणायचं, मी कुठे काय म्हटलं, मी तर नुसतं विचारलं."

मथळा खाली बघत उभी होती.

"आता ऐक. वाचायला सगळ्यांत चांगला लेख तुझाच आहे. उद्या सकाळी निवडलेला लेख पेपरकडे जायचाय. स्टेशनचे साहेब ते पान वाचतात, हे तुलाही ठाऊक आहे. छापून आल्यावर तिला तिथे ठेवतील असं मला वाटत नाही. तिला विचारल्याशिवाय मी काही पाठवणार नाही. पण आधी तुला विचारते. पाठवू?"

मोठ्या पेपरात नाव. इतक्या दिवसांचं स्वप्न टेबलावर पडलं होतं, आणि फक्त "हो" म्हणायचं होतं.

"तिचे मामा ड्रायव्हर आहेत, बाई," मथळा म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. मग सगळंच बाहेर आलं. काच, बाक, अडणारा 'म', मामांची रजा, बंद केलेली खिडकी, वर्गात पसरवलेली ती कुजबुज. "मला सहन होत नव्हतं, बाई. ती चांगली वाचते हेच मला सहन होत नव्हतं."

बाईंनी तिला रडू दिलं. मग म्हणाल्या, "हेवा कुणाला वाटत नाही? मला तर अजूनही वाटतो, माझ्या हाताखाली शिकलेल्यांचा. हेवा वाटणं हा गुन्हा नाही गं. तो लपवायला त्याच्या अंगावर सत्याचा सदरा चढवणं, हा गुन्हा. तिने आपला हेवा सरळ लिहून टाकला आणि मोकळी झाली. तू तुझ्या हेव्याची बातमी केलीस." त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. "आणि माझ्याकडे काय रडतेस? तिला आता बातम्या वाचायच्या आहेत. आज तिची जीभ वळेल का?"

मथळा धावत सुटली.

स्टेशनच्या फाटकावर पहारेकऱ्याने तिला अडवलं. ओळखपत्र नाही, बोलावणं नाही, आत सोडणार नाही. ती गयावया करत असताना, व्हॅनची काच पुसणारा एक ठेंगणासा माणूस फडकं खांद्यावर टाकून पुढे आला.

"तू मथळा ना?" तो म्हणाला. "वर्गाच्या फोटोत बघितलंय. आमची पोर फार सांगते तुझ्याबद्दल. येऊ द्या हो तिला, माझ्या ओळखीची आहे."

तर वाचकहो, नोंद करून ठेवा. त्या दिवशी त्या दारातून वशिल्याने कुणी आत गेलं असेल, तर ती मथळा.

मामा तिला आत सोडून लगेच परतले. शहरात कुठेतरी पाण्याची मोठी वाहिनी फुटली होती आणि बातमीदाराला तिथे न्यायला त्यांना गाडी काढायची होती. मथळा एकटीच स्टुडिओपर्यंत गेली. काचेबाहेरचा तो बाक तिने बघितला, खरोखरच होता. बाकावर रेडिओ बसली होती. हातात बातम्यांचे कागद आणि चेहरा पांढराफटक.

"मी प्रश्न गाळला," मथळा म्हणाली. "मुद्दाम."

"माहितीय मला. मी काय बोलले ते मी विसरीन का?" रेडिओ म्हणाली. तिच्या आवाजात राग होता, आणि तो असायलाच हवा होता. "मला वाटलं होतं, तू तरी ऐकतेयस. मी ते आधी कुणाला सांगितलं नव्हतं."

"ऐकत होते. म्हणून तर गाळता आलं." मथळाने डोळे पुसले. "माफ कर म्हणायचीही लाज वाटतेय. तुझा लेख वाचला मी. मलाही तुझा हेवा वाटतो. पहिल्या दिवसापासून. मला फक्त तो लिहिता आला नाही."

रेडिओने कागद पुढे केला. पहिलीच बातमी होती, "मुख्य जलवाहिनी फुटल्यामुळे उद्या शहराच्या पूर्व भागात पाणी येणार नाही."

"बोलताना येतो, पण कागदावरचा हा 'म' निघत नाहीये," ती पुटपुटली.

मथळाने तिच्या हातातलं पेन घेतलं आणि उभ्या उभ्या लिहिलं, "पूर्व भागात उद्या पाणी नाही. वाहिनी फुटली, दुरुस्ती सुरू."

रेडिओने ते वाचलं, आणि एवढ्या सगळ्यातही तिला हसू आलं. "चांगला आहे गं. पण पुढच्या बातमीतही 'म' आहे, त्याच्या पुढच्या बातमीतही. सगळं शहर बदलून देणार आहेस का मला?" मग ती गंभीर झाली. "मामा गाडीवर गेले. समोर धरायला मला आज चेहरा नाही. तू उभी राहशील काचेपलीकडे?"

"मी? माझा चेहरा?"

"चालेल. फक्त खरा ठेव."

लाल दिवा लागला. काचेच्या आत रेडिओ, बाहेर मथळा. रेडिओने कागदावरून नजर उचलून तिच्याकडे पाहिलं. तिचे ओठ जुळले आणि तसेच राहिले. मथळाने हात जोडले नाहीत, खुणा केल्या नाहीत. ती फक्त ऐकत उभी राहिली, जशी त्या दिवशी जिन्यात रेडिओ तिचं ऐकत बसली होती. आणि मग?

"मुख्य जलवाहिनी फुटल्यामुळे," रेडिओ म्हणाली, आणि पुढे वाचत गेली. मधली ती शांतता शहरात कुणाच्या लक्षातही आली नाही.

दुसऱ्या दिवशी मथळाने बाईंची परवानगी घेऊन वर्गात उभं राहून दुरुस्ती वाचली. चूक जेवढ्या मोठ्या अक्षरात छापली, तेवढ्याच मोठ्या अक्षरात दुरुस्ती छापावी, असा बाईंचा आग्रह असे. म्हणून तिने फळाभर मथळा लिहिला. "वशिला तिचा नव्हता, हेवा माझा होता." या वेळी प्रश्नचिन्ह नव्हतं. खाली प्रश्न होता आणि त्याचं पूर्ण उत्तर होतं, रजेपर्यंत. काल कुजबुजलेला पोरगा मान खाली घालून बसला. वर्ग तिच्याकडे वळून बघत होता, पण आज ते बघणं सोसायला जड होतं. तरी ती शेवटपर्यंत उभी राहिली.

पेपरकडे गेला तो रेडिओचा लेख. मथळाचं नाव मोठ्या पेपरात आलंच, फक्त लेखाखाली नाही, लेखात.

त्या रविवारी जेवताना बाबा नेहमीसारखे सुरू झाले. "जलवाहिनी दुरुस्त झाली, तर शाबासकी कुणाला? आमच्या साहेबांना. वशिला..."

"बाबा," मथळा म्हणाली, "तुम्ही त्यांना कधी विचारलंत का, की हे तुम्हाला कसं जमलं?"

"विचारायचं काय त्यात? सगळ्यांना माहीत आहे."

"सगळ्यांना काय माहीत असतं ते मी सांगते तुम्हाला." आणि तिने सगळं सांगितलं, स्वतःला एवढंसंही न वाचवता. आई भाजीचा डाव हातात धरून तशीच उभी राहिली. बाबा गप्प झाले. पण या वेळी मुलीला त्यांच्या गप्प बसण्याची भीती वाटली नाही.

पुढे काही दिवसांनी बाबा कचेरीतून आले, पाय धुतले, ताटावर बसले आणि म्हणाले, "विचारलं मी आज त्याला."

"काय म्हणाले?"

"सगळे नकाशे संगणकावर चढवायला शिकला तो, सुट्टीच्या दिवशी जाऊन. वाहिनी कुठे फुटली ते म्हणूनच लगेच सापडलं. मलाही चल म्हणाला होता तेव्हा. मीच गेलो नव्हतो." त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. "बाकी थोडा वशिलाही आहे म्हणा. साडू आहे त्याचा वर. ते त्याने आपणहूनच सांगितलं."

आई हसली. मथळाही हसली. बाबांनी न सांगता भाजी वाढून घेतली.

वशिला जगात नाहीच, असं कोण म्हणेल? आहे, आणि तो दिसेल तिथे नाव घेऊन, पुरावा देऊन बोललंच पाहिजे. पण आपण रोज जो वशिला शोधतो, तो बहुतेक वेळा दुसऱ्याच्या घरी नसतो. आपल्याच पोटात जे दुखतं, त्याला आपण दिलेलं ते सभ्य नाव असतं. अशा एका शब्दाने कुणाची रात्रंदिवसाची मेहनत पुसली जाते, कुणाची जीभ पुन्हा अडते, आणि आपण मात्र खोटं बोललो नाही म्हणून समाधानाने झोपतो. तेव्हा पुढच्या वेळी कुणाचं बरं झालेलं दिसलं आणि तो शब्द ओठांवर आला, तर एवढंच करा. आधी त्या माणसाला विचारा. आणि विचारलंत, तर त्याचं उत्तर संपेपर्यंत थांबा.